आगवाल्याची तिथी

भाषांतरासाठी माझ्याकडे येणारी माणसं घाईत असतात. कुणाचा व्हिसा अडकलेला असतो, कुणाच्या मुलीला तिकडच्या विद्यापीठात जायचं असतं, कुणाचं यंत्र बंद पडलेलं असतं आणि त्याची माहितीपुस्तिका जर्मनमध्ये असते. कागद द्यायचे, "उद्यापर्यंत होईल ना?" विचारायचं आणि जिना उतरायचा. चहा विचारला तर घड्याळ बघतात. फोर्टातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या दारावर भाषांतराची पाटी लावली, ती काही पोटासाठी नाही. पेन्शन पुरते. माणसं येतील, दोन शब्द बोलणं होईल, एवढीच आशा होती. आई गेल्यापासून आठवड्यातले चार दिवस असे जायचे की दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हटलं की त्या दिवसाचं माझं बोलणं संपलं. भाऊ पुण्यात असतो. तो दिवाळीला फोन करतो आणि तब्येत सांभाळ म्हणतो, जणू मी ती रस्त्यावर टाकून फिरते आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात एक गृहस्थ आले, ज्यांना मी पुढे काका म्हणायला लागले; ते मात्र घाईत नव्हते. वय त्र्याऐंशी, अंगात पांढरा सदरा, हातात रेक्झिनची बॅग. तीन मजले चढून आल्यामुळे पाचेक मिनिटं ते नुसते श्वास घेत बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी सगळं प्यायलं आणि भांडं स्वतःच मोरीत नेऊन ठेवलं. मग बॅगेतून चारपाचशे पानांचा एक गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. सगळी पानं जर्मन टाइपरायटरवर टाइप केलेली, झेरॉक्सची झेरॉक्स, कडेला काळे पट्टे पडलेले.

ती एका युद्धनौकेची रोजनिशी होती. युद्धनौका म्हणायचं, पण तिचं सोंग वेगळंच होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी काही साधी मालवाहू जहाजं घेतली, त्यांच्यावर तोफा बसवल्या आणि त्या तोफा पत्र्याच्या झडपांमागे लपवल्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, कुठल्या तरी तटस्थ देशाचं गरीब जहाज माल घेऊन चाललंय. इंग्रजांचं व्यापारी जहाज निर्धास्तपणे जवळ आलं की खोटं निशाण खाली, जर्मन निशाण वर, झडपा उघड्या आणि तोफ समोर. अशा एका जहाजाने हिंदी महासागरात बुडवलेल्या इंग्रजी बोटीवर काकांचे वडील आगवाला होते. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात बसून भट्टीत कोळसा ढकलणारा. ते मालवणकडच्या गावातून मुंबईत आले, गोदीतून बोटीवर चढले, तेव्हा काका चार महिन्यांचे होते.

काकांच्या पुतण्याने, जो स्वतः बोटीवर नोकरीला आहे, परदेशातल्या कुणा हौशी माणसाकडून ही रोजनिशी मिळवून दिली होती. पण जर्मन कोण वाचणार? डिलाईल रोडवरच्या त्यांच्या चाळीत तर कुणी नव्हतं, असं काका म्हणाले आणि हसले.

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. वडिलांची तिथी. बोट बेपत्ता झाली, माणसं मेली असं समजावं, एवढंच कंपनीचं पत्र आलं होतं. त्यात दिवस नव्हता. लढाई संपल्यावर त्या बोटीवरचे काही जण परत आले म्हणे, पण ते बंगालकडचे, पंजाबकडचे. गावचा हा एकटाच, त्यामुळे काय झालं ते सांगायला कुणी आलं नाही. काकांच्या आईने मंगळसूत्र शेवटपर्यंत काढलं नाही. "तो येतलो," म्हणायची. तिच्या हयातीत तिने नवऱ्याचा म्हाळ घालू दिला नाही, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध होऊ दिलं नाही. ती गेल्यावर काका घालायला लागले, पण तिथी माहीत नसलेल्यांचा घालतात तसा, सर्वपित्री अमावस्येला, सगळ्यांच्या गर्दीत.

"मॅडम, मी गिरणीत होतो. तिथे हजेरीचा नंबर असतो, नाव कोणी विचारत नाही. बाबांचं पण तसंच झालं बघा. मरायच्या आधी एकदा तरी त्यांच्या स्वतःच्या दिवशी पान वाढायचंय."

मी म्हटलं, मला बोटीचं नाव द्या, मी त्या तारखेचं पान शोधून उद्या सांगते. ते नको म्हणाले. जहाजाने बंदर सोडलं तिथपासून त्यांना ऐकायचं होतं. ज्यांनी बाबांना नेलं ते लोक कसे होते ते कळू दे, म्हणाले. असं ठरलं की दर शनिवारी चार वाजता ते येतील आणि मी थोडं थोडं वाचून मराठीत सांगेन. पैशाचं मी बोलू दिलं नाही. खरं सांगायचं तर दर शनिवारी कुणी तरी येणार, या कल्पनेनेच माझ्या अंगात उत्साह आला होता. मी त्याच संध्याकाळी नवी कपबशी आणली.

त्या शनिवारांबद्दल मला पुष्कळ लिहिता येईल. जहाज उत्तरेच्या धुक्यातून चोरासारखं बाहेर पडलं आणि खाली दक्षिणेला आलं. दर काही दिवसांनी त्याचं रूप बदलायचं. आज रशियन, महिन्याने जपानी, मग डच. सगळं जहाज समुद्रातच रंगवायचं, खोटं धुराडं उभारायचं, डोलकाठी आखूड करायची. काकांचं लक्ष लढाईपेक्षा कामावर. रंग द्यायला किती माणसं लावली, ती दोरावर लोंबकळत होती का, लाटा असताना ब्रश कसा धरला, हे सगळं त्यांना हवं असायचं आणि रोजनिशीत नसेल तर ते माझ्यावर नाराज व्हायचे. एकदा सांगितलं की जपानी प्रवासी बोट वाटावी म्हणून एका खलाशाला बाईचे कपडे घालून, रिकामी बाबागाडी ढकलत डेकवर फिरायला लावलं होतं. काका इतके हसले की ठसका लागला. "आमच्या गणपतीच्या मंडपासारखं आहे," म्हणाले. "दरवर्षी नवीन देखावा, आत बांबू तेच."

मला त्यांचा कधी कधी रागही यायचा. चहा बशीत ओतून पिताना ते मोठा आवाज करत. मी वाचत असताना मध्येच उठून गॅलरीत जात आणि खाली कुणाची गाडी लागली ते मला सांगत. मी शाळामास्तरणीसारखी थांबून राहायची. पण रविवारी सकाळी घर इतकं गप्प असायचं की तो चहाचा आवाजसुद्धा आठवायचा. मी शनिवारपर्यंतचे दिवस मोजायला लागले होते, हे मला स्वतःला कबूल करायलाही जड जात होतं.

ज्येष्ठात आम्ही त्या बोटीपाशी आलो. रोजनिशीत ते दीड पान आहे. सकाळची वेळ. इंग्रजी बोटीने थांबायला नकार दिला आणि बिनतारी यंत्रावरून मदत मागायला सुरुवात केली, म्हणून जर्मनांनी गोळे डागले. एक गोळा इंजिनाच्या भागात बसला. बिनतारीवाला इंग्रज जागच्या जागी गेला, त्याचं नाव दिलेलं आहे. उरलेली सगळी माणसं, जखमी धरून, जर्मन जहाजावर चढवून घेतली आणि मग बोटीला सुरुंग लावला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की हिंदी खलाशी सर्व जिवंत.

आयुष्यभर काकांना वाटत होतं की वडील बोटीबरोबर बुडाले. आता ते चौऱ्याऐंशीव्या वर्षात पाऊल ठेवताना त्यांचे वडील त्या दिवशी संध्याकाळी जिवंत निघाले होते. त्यांनी मला ती ओळ जर्मनमध्ये वाचायला लावली, मग पुन्हा मराठीत. जाताना जिन्यात उभे राहून म्हणाले, "म्हणजे आईचं अगदीच चूक नव्हतं." पुढच्या शनिवारी त्यांनी मालवणी खाजा आणला.

आता मी माझ्या करणीकडे येते.

पुढची पानं मी शनिवारच्या आधीच वाचून ठेवत असे, अडलेले शब्द काढायला. आषाढातल्या एका दुपारी वाचता वाचता मला ती नोंद सापडली. सहा-सात ओळींची होती. जहाजाच्या दवाखान्यात ठेवलेला एक हिंदी आगवाला, वाफेने भाजलेला, त्या बोटीवरून आणलेला, दुपारी मरण पावला. त्याला समुद्रात सोडताना कप्तान स्वतः टोपी काढून उभा राहिला. आणि पुढे लिहिणाऱ्याने, बहुधा नवल वाटून, असं लिहिलं होतं की त्याच्या दोन देशबांधवांनी, तो मेलेला असताना, त्याच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं. कारण समजलं नाही.

मला कारण समजलं. मी चष्मा काढून ठेवला.

नाव नव्हतं. त्या जहाजावर एक कुत्रा होता, त्याचं नाव रोजनिशीत वारंवार येतं. आगवाल्याचं एकदाही नाही. पण तारीख स्वच्छ होती. मी दुसऱ्याच दिवशी जवळच्या जुन्या ग्रंथालयात जाऊन त्या सालचं पंचांग काढायला लावलं. कर्मचाऱ्याने कुरकुर करत धूळ झटकून ते दिलं. शुद्ध षष्ठी. म्हणजे पितृपक्षात षष्ठीच्या दिवशी म्हाळ घालायचा. दोन महिन्यांवर आला होता. मी ते एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवलं.

शनिवारी काका आले, बसले, पाणी प्याले. मी चिठ्ठी काढली नाही. त्या दिवशी मी त्यांना दुसऱ्याच एका जहाजाचा पाठलाग वाचून दाखवला.

मी स्वतःची समजूत घातली ती अशी. खात्री कुठे आहे? त्या बोटीवर आगवाले पुष्कळ असणार. उगाच एका म्हाताऱ्या माणसाला भलत्याच कुणाची तिथी देऊन बसायची? पुढच्या पानांत आणखी काही सापडेल, नाव सापडेल, मग सांगू. हे ऐकायला किती सरळ वाटतं! मी तीस वर्षं कंपनीच्या साहेबांसाठी पत्रं भाषांतरित केली आहेत, सारवासारवीची भाषा मला दोन्हीकडून येते. खरं कारण एका ओळीचं होतं. तिथी मिळाली की काकांचं काम संपणार आणि काम संपलेली माणसं माझा जिना उतरून जातात.

मग मी चालढकल करत राहिले. एका पानाला दोन शनिवार लावायची. हवामानाच्या नोंदी, ज्या मी आधी गाळत होते, त्या सावकाश वाचायची. वारा कुठल्या दिशेचा, लाटा किती उंच. काका निमूट ऐकायचे. कधी विचारायचे, "दवाखान्याचं काही आलं का मॅडम? भाजलेल्यांचं काही लिहिलंय?" मी म्हणायची, "अजून नाही." एकदा खोटं बोलल्यावर दुसऱ्यांदा सोपं जातं, तिसऱ्यांदा तर तोंडावरची रेषही हलत नाही.

भाद्रपद आला, गणपती झाले, पितृपक्ष लागला. षष्ठीच्या दिवशी मी घरातच होते. सकाळी दहा वाजता फोन हातात घेतला होता. अजून वेळ होता, ताबडतोब सांगितलं असतं तर त्यांनी तांदूळ-वडे जमवले असते. मी फोन खाली ठेवला आणि कपाट आवरायला घेतलं. कपाट आधीच आवरलेलं होतं.

सर्वपित्रीनंतरच्या शनिवारी काका डबा घेऊन आले. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि खीर. अमावस्येला केलेलं शिळं कसं देणार, म्हणून सूनबाईंच्या मागे लागून मुद्दाम माझ्यासाठी पुन्हा करून घेतलं होतं. शेजारच्या खोलीतल्या कुणाला तरी ते सूनबाई म्हणायचे, त्यांची स्वतःची एकच मुलगी आणि ती डोंबिवलीला. "यंदाही गर्दीतच वाढलं बाबांना," ते म्हणाले. "पुढल्या वर्षी बघू. तुम्ही शोधताय ना." मी त्यांच्या समोर बसून दोन वडे खाल्ले. छान झालेत असं मी म्हणत होते. स्वतःची इतकी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी साडेचार वाजले तरी काका आले नाहीत. मी गॅलरीत गेले, मग जिन्यात. ते दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी दारातल्या खुर्चीवर बसले होते. ओठ पांढरे पडले होते. मी खाली धावले. ते म्हणाले, काही नाही, डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलंय, हृदय दमलंय म्हणतात. "मी त्यांना बोललो, बाकीचे नाही चढणार. शनिवारचे चढणार."

त्यांना घरी आणून बसवलं. पंखा लावला. मग मी ते पान काढलं आणि आवाज ताब्यात ठेवून सगळ्या ओळी मराठीत सांगितल्या. दवाखाना, वाफ, दुपार, कप्तानाची टोपी. चमच्याने पाणी घातल्याचं सांगताना माझा आवाज फाटला. काकांनी मांडीवरचे दोन्ही हात जोडले.

"पाणी मिळालं," ते म्हणाले. "आई त्याचंच रडायची. कोणी पाणी तरी घातलं असेल का, म्हणायची."

मी माझं ठेवणीतलं वाक्य बोलून घेतलं. नाव नाही, खात्री देता येत नाही, हा दुसरा कुणी आगवालाही असू शकेल.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही तरी बालिश बोलले आहे. "असू दे ना. दुसरा असला तर त्याचा तरी कुणी घातलाय का म्हाळ? बाबांना पोचेल नाहीतर त्याला पोचेल. एका आगवाल्याला पोचला म्हणजे झालं."

इतकं सोपं होतं ते. ज्या शंकेच्या आड मी चार महिने लपले होते, ती त्यांनी बसल्या जागी बाजूला सारली. मी पर्समधून चिठ्ठी काढून दिली. षष्ठी, असं त्यांनी मोठ्याने वाचलं. चिठ्ठीची घडी पार मऊ झाली होती, ते त्यांच्या लक्षात आलं. गिरणीत कापड तपासलेला माणूस तो.

"कधी सापडलं हे?"

मी आषाढात म्हणून सांगितलं. त्यांनी बोटांच्या पेरांवर महिने मोजले.

"म्हणजे म्हाळाच्या आधी."

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही यायचे थांबला असता म्हणून."

मला वाटलं होतं, ते काही तरी मऊ बोलतील. म्हातारी माणसं बोलतात तसं. काका म्हणाले, "थांबलोच असतो. काम झाल्यावर तीन मजले कशाला चढणार?" मग त्यांनी चिठ्ठी खिशात घातली, बॅग उचलली आणि कठड्याला धरून एक एक पायरी उतरत गेले. मी सोबत येते म्हटलं, तर मान हलवून नको म्हणाले. रोजनिशीचा गठ्ठा माझ्याकडेच राहिला.

त्यानंतर तीन शनिवार कोणी आलं नाही. चार वाजता मी गॅलरीत उभी राहायची, पाच वाजता आत यायची. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एका म्हाताऱ्या माणसाच्या उरलेल्या म्हाळांपैकी एक मी खाऊन टाकला होता, वड्यांसकट, आणि तो परत देता येण्यासारखा नव्हता.

चौथ्या शनिवारी मी गठ्ठा घेऊन टॅक्सीने डिलाईल रोडला गेले. त्यांची चाळ मी पहिल्यांदाच पाहत होते. समोर काचेचा टॉवर, मध्ये पत्रे ठोकलेले, आणि मागे ही तीन मजली इमारत, दोऱ्यांवर कपडे. काका तळमजल्यावरच्या खोलीच्या दारात स्टुलावर बसून तांदूळ निवडत होते. म्हणजे हा माणूस स्वतः तळमजल्यावर राहून दर शनिवारी माझे तीन मजले चढत होता. मला बघून त्यांनी ताट बाजूला ठेवलं नाही.

मी उभ्या उभ्या माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाले, "पुढची षष्ठी दहा महिन्यांवर आहे. डॉक्टर म्हणतात तसं धरलं तर कठीण आहे. आता मला तोवर टिकवायचं काम तुमचं. आतमध्ये खुर्ची आहे. वाचा पुढे."

तेव्हापासून शनिवारी मी जायला लागले. माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही. मी त्यांच्या गोळ्यांच्या वेळा लिहून भिंतीला लावल्या, मीठ कमी करायला लावलं, पापडाचा डबा जप्त केला. ते मला जेलर म्हणायचे. वाचनही चालू राहिलं. ते जहाज आणखी पुष्कळ भटकलं. जर्मनांनी पकडलेल्या दुसऱ्या एका बोटीत कैद्यांना भरून पाठवून दिलं, तेव्हा काकांनी विचारलं, पाणी घालणारे ते दोघं त्यात असतील का. असतील, मी म्हटलं. ते परत घरी पोचले असतील का? ते मला ठाऊक नव्हतं आणि या वेळी मी ठाऊक नाही असंच सांगितलं.

जहाजाचा शेवट आम्ही जूनमध्ये वाचला. महिनोनमहिने घर नाही, बंदर नाही. माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती, कुणी नुसतं कठड्याशी उभं राहायचं, असं लिहिलंय. रोज नवं नाव लावून फिरणाऱ्या त्या जहाजाला अखेर एका इंग्रजी लढाऊ जहाजाने ओळखलं. लांबूनच गोळे पडायला लागले. यांच्या तोफा तिथवर पोचतच नव्हत्या. कप्तानाने माणसं होड्यांत उतरवली आणि जहाज स्वतःच बुडवलं. मला वाटलं, काका खूश होतील. ते म्हणाले, त्यांच्या पण आया असतील. मग म्हणाले, चला, आता आपल्याला षष्ठीच तेवढी राहिली.

श्रावणातल्या एका मंगळवारी, दुपारी जेवून काका आडवे झाले ते उठले नाहीत. पितृपक्षाला महिना राहिला होता. मला त्यांच्या मुलीने गुरुवारी फोन करून कळवलं. भिंतीवरच्या कागदावर तळाशी माझा नंबर होता, तो तिने पाहिला.

तेराव्यानंतर मी तिला भेटायला गेले. ती सामान बांधत होती, खोली इमारतीच्या पुनर्विकासात जाणार होती. समंजस, कामसू मुलगी. मी तिला षष्ठीचं सांगितलं. तिने नीट ऐकलं. ती म्हणाली, "बाबा ते सारखं बोलायचे, मावशी. पण यंदा वर्षाच्या आत काही करत नाहीत. आणि पुढच्या वर्षीपासून आम्ही सर्वपित्रीला सगळ्यांचं एकत्रच करणार. मिस्टरांकडचे, आमचे, सगळे. एवढ्या तिथ्या कोण लक्षात ठेवणार?" तिच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. तिला नोकरी आहे, दोन मुलं आहेत, डोंबिवलीहून रोज यायचं-जायचं आहे. खिशातली ती चिठ्ठी सदऱ्याबरोबर धुऊन निघाली असणार, कारण ती तिला कुठे मिळाली नव्हती.

परत येताना टॅक्सीत माझ्या लक्षात आलं की जगाच्या पाठीवर आता ती तिथी माझ्याखेरीज कुणीच लक्षात ठेवणार नाही. मी ती चार महिने कुणाला द्यायला तयार नव्हते. आता ती पुरती माझी झाली होती.

पितृपक्ष लागण्याच्या आदल्या दिवशी मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या गुरुजींकडे गेले. ते वही उघडून नावं घेत होते. मी म्हटलं, षष्ठीला एक श्राद्ध करायचंय, मी बसले तर चालेल का. ते म्हणाले, हल्ली बायका बसतात, त्यात काही अडचण नाही. कुणाचं आहे?

"एका आगवाल्याचं. नाव खात्रीने सांगता येत नाही."

त्यांनी मान वर केली. नाव नसलं तरी करता येतं, म्हणाले. "तुमचं नातं काय?"

मी म्हटलं, "त्यांची तिथी माझ्याकडे राहून गेलीय."

गुरुजींनी वहीत काही तरी लिहिलं आणि मला षष्ठीला सकाळी नऊला यायला सांगितलं.